उरलेला भाग

काकीच्या कारखान्यात पत्रावळीची परीक्षा एकच होती. साच्यातून गरमागरम निघालेली पत्रावळ जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायची, तिच्यात उकळतं पाणी ओतायचं आणि शंभरपर्यंत आकडे मोजायचे. कागद कोरडा राहिला तर पत्रावळ पास. ओला झाला तर ती शेडच्या मागच्या ढिगावर जायची, आणि जिने ती लावली तिने त्या दिवशी सगळ्यांचा चहा करायचा. चहा करणं ही काही शिक्षा नव्हे, पण काकी तो पिताना असा चेहरा करायची की करणारीला वाटावं, याच्यापेक्षा दोन बोल ऐकवले असते तर बरं झालं असतं.

कारखाना म्हणजे तरी काय, घरामागची पत्र्याची शेड, दाबाची दोन यंत्रं, पानं भिजवायच्या तीन टाक्या आणि सहा बायका. सातवी काकी. पान पुसायचं, एका थराच्या शिरा उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या लावायच्या, मध्ये पिठाच्या खळीचा पातळ हात द्यायचा, आणि तापलेल्या साच्यात चाळीस मोजेपर्यंत दाबायचं. कडेचं कातरण मागच्या ढिगावर. तीस वर्षांचं कातरण पोटात घेऊन तो ढीग अजून गुडघ्याएवढाच होता. वरून पडेल ते तो खाली मातीत घालत होता. गांडुळं तर तिथे अशी माजली होती की फावडं मारताना विचार करावा लागे.

काकीला सगळे काकीच म्हणत, तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला पानं पुरवणारा म्हाताराही. खरी काकी ती एकाचीच होती, पुतण्याची. पुतण्या व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करून आला होता आणि कारखान्याचे कागद, फोन आणि भविष्य सांभाळत होता. बायका त्याला विद्वान म्हणत. तो ते खरं समजे, म्हणून त्या आणखी म्हणत.

एका सकाळी विद्वान वर्तमानपत्र नाचवत शेडमध्ये आला.

"काकी, आपले दिवस फिरले! नगरपालिकेने प्लास्टिकच्या ताटल्यांवर बंदी घातली. आजपासून शंभर दिवसांनी शहरात एकही दिसता कामा नये!"

यंत्रं थांबली. पलीकडच्या गल्लीत प्लास्टिकवाल्या शेठचा तीन मजली कारखाना होता. त्याच्या ताटल्यांनी काकीची निम्मी गिऱ्हाइकं पळवली होती. वर शेठ भेटला की विचारायचा, "काय काकी, अजून पानंच शिवताय का?" बंदीची बातमी ऐकून काकीने त्या दिवशी कोणाची चूक नसताना चहा करायला लावला आणि चक्क हसत प्याली.

आनंद दुपारपर्यंत टिकला. विद्वान अभ्यासू असल्यामुळे त्याने आदेश पूर्ण वाचला, आणि तिथेच घात झाला. बंदी प्लास्टिकवर नव्हती. बंदी होती 'मातीत मिसळत असल्याचे प्रमाणपत्र नसलेल्या सर्व ताटल्यांवर'.

"मग? आपली तर पानंच आहेत," काकी म्हणाली.

"पानं आहेत हे आपण म्हणतो, काकी. प्रमाणपत्र कुठे म्हणतंय?"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला रे?"

"आरसा लागतो. तीन प्रतींत."

साचेवाली, म्हणजे मोठ्या यंत्रावर बसणारी, हात पुसत उठली. ती इथे सगळ्यांत जुनी. घरात तिची एकटीचीच कमाई आणि खाणारी तोंडं पाच. तिने फक्त एवढं विचारलं, "काकी, कागद नाही मिळाला तर शेड बंद का?"

काकी म्हणाली, "वेडी की काय? पान मातीत मिसळतं हे सिद्ध करायला काय लागतं?"

हे वाक्य पुढे तिला फार दिवस पुरलं.

*

विघटन प्रमाणन विभाग चौथ्या मजल्यावर होता. तिथल्या अधिकाऱ्याला शहरातले लोक विघटनसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर एकही वस्तू वाकडी नव्हती. त्याचा पेन, त्याचा चष्मा, त्याची पाण्याची प्लास्टिकची बाटली, सगळं रकान्यात ठेवल्यासारखं. त्याने काकीला बसायला सांगितलं आणि नियम वाचून दाखवला. नियम वाचताना त्याचा आवाज मऊ होई, अंगाई म्हणावी तसा.

नियम असा होता. अर्जदाराने एक पत्रावळ आणायची. साहेब तिचं वजन करणार. मग ती मातीने भरलेल्या पेटीत पुरायची आणि पेटी पंचेचाळीस दिवस सील करायची. त्यानंतर पेटी उघडायची. वस्तूचा उरलेला भाग मूळ वजनाच्या एक दशांशापेक्षा जास्त नसावा, आणि तो उरलेला भाग पाकिटात घालून फाइलला जोडावा.

"माती तुमची?" काकीने विचारलं.

"माती अर्जदाराने आणायची. पेटी आमची." पेटी निळ्या प्लास्टिकची होती. झाकणाला पाणी घालायला भोकं होती, आणि पाणीही अर्जदारानेच घालायचं होतं.

"आणि तोवर आम्ही धंदा करायचा की नाही?"

"तोवर तात्पुरता परवाना." साहेबांनी खणातून एक कार्ड काढलं, त्यावर कारखान्याचं नाव लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि ते दोन प्लास्टिकच्या थरांमध्ये घालून शेजारच्या छोट्या यंत्रातून गरम करून काढलं. काकी ते यंत्र कौतुकाने बघत राहिली. दोन थर, मध्ये वस्तू, वरून ताप आणि दाब. अगदी तिच्याच धंद्यातलं, फक्त उलट्या कामाला लावलेलं.

"जपून ठेवा. दारात टांगा. चाचणीच्या दोन संधी मिळतात. दोन्ही फुकट गेल्या तर परवाना आपोआप संपतो."

"दोन कशाला लागतात, साहेब?" काकी म्हणाली.

घरी येऊन तिने ते कार्ड शेडच्या दाराच्या खिळ्याला लटकवलं आणि कामाला लागली. शंभर पत्रावळी उलट्यापालट्या करून तिने एक निवडली. कोवळ्या पानांची, शिरा नाजूक, खळ इतकी पातळ की दिव्यासमोर धरली तर उजेड गाळून यावा. पाणी मात्र थेंबभर गळत नव्हतं. वजन पस्तीस ग्रॅम. मग माती. आता माती म्हटल्यावर दुसरी कुठली घेणार? तिने मागच्या ढिगाच्या पोटातली काळीभोर, हाताला ऊब लागणारी माती काढली, गांडुळांसकट. परीक्षेला मुलगी पाठवायची तर केस विंचरून, नीट कपडे घालूनच पाठवतो की आपण. पान लावणाऱ्याची हीच तर खोड. कमी चांगलं काही देऊन काम होतं, हे त्याच्या डोक्यात शिरतच नाही.

दर आठवड्याला ती चार मजले चढून पाणी घालायला जायची. तिसऱ्या आठवड्यात भोकातून एक गांडूळ डोकावलं, तेव्हा तिला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

*

पंचेचाळिसाव्या दिवशी साहेबांनी सील तोडलं. ते स्वतः मातीला हात लावत नसत. त्यांनी खणातून चमचा काढला आणि पेटीत खुपसला. खुपसला, ढवळला, पुन्हा खुपसला. मग कोपऱ्यांतून गेले. मग चष्मा पुसला. शेवटी सगळी माती वर्तमानपत्रावर उपडी केली. तीन गांडुळं निघाली, पत्रावळीचा मात्र तुकडाही नाही.

काकीचा ऊर भरून आला. "बघा!" ती म्हणाली.

"काय बघा? नमुना कुठे आहे?"

"मिसळला की मातीत. सगळाच्या सगळा."

"बाई, उरलेला भाग फाइलला जोडायचा आहे."

"काही उरलंच नाही, साहेब. हेच तर पाहिजे होतं ना तुम्हाला?"

साहेबांनी रकान्यावर बोट ठेवलं. "आम्हाला एक दशांशापर्यंत उरलेला भाग पाहिजे. आहे की नाही, याची नोंद करायची. नाही म्हटलं तर प्रश्न येतो, नमुना मुळात पुरला होता की नव्हता?"

"तुमच्यासमोर पुरला! तुम्हीच वजन केलंत!"

"मी वजन केलं. पुरला तुम्ही. पुरताना मी फॉर्म बघत होतो." त्यांनी सुस्कारा सोडून लिहिलं: नमुना गहाळ. मग आणखी एक कागद पुढे सरकवला. "नमुना गहाळ का झाला, याचा लेखी खुलासा करावा लागेल."

काकीने तिथल्या तिथे खुलासा लिहून दिला. "पान होतं म्हणून." साहेबांनी तो वाचला, स्पष्टीकरण अपुरे असा शेरा मारला आणि अपुऱ्या खुलाशांच्या फाइलला लावला. त्या फाइलमध्ये तो एकटाच होता.

जिने उतरताना काकी प्रत्येक पायरीवर पाय आपटत होती. राग होता, पण रागाखाली भीती होती, आणि ती तिला स्वतःशीसुद्धा कबूल करवेना. दोन संधींतली एक गेली. सकाळी निघताना तिने सहा बायकांना सांगितलं होतं, येताना कागद घेऊनच येते. आता त्या शेडच्या दारात उभ्या असणार.

त्या उभ्याच होत्या. काकीने सगळं सांगितलं. आधी त्या हसल्या, पोट धरून हसल्या, आणि मग एकेक करून हसायच्या थांबल्या.

*

विद्वान दोन दिवस कुठे कुठे हिंडला आणि बातमी घेऊन आला.

"शेठला प्रमाणपत्र मिळालं."

"कुठल्या शेठला?"

"आपल्याच! प्लास्टिकवाल्या! काकी, त्याने काय केलं माहितीये? पंचेचाळीस दिवसांनी पेटी उघडली तर ताटली होती तशी. नवीकोरी! साहेबांचं लक्ष फॉर्मात. याच्या माणसाने मातीतल्या मातीत ताटलीचा एक तुकडा मोडला आणि तेवढाच वर काढला. बाकीची खाली. साहेबांनी तुकडा तोलला, एक दशांशाहून कमी भरला. उरलेला भाग आहे, पाकीट आहे, फाइल आहे. झालं!"

"आणि माती उपडी केली नाही त्यांनी?"

"कशाला करतील? त्यांना जे पाहिजे होतं ते सापडलं होतं ना."

काकीने हातातलं पान पुसून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय."

"तेच म्हणतोय मी. आपणही शहाणं व्हायचं. हे बघ." त्याने पिशवीतून एक डबा काढला. व्हार्निश. पारदर्शक, पाण्याला दाद न देणारं, मातीला तर मुळीच नाही. "पत्रावळीच्या कडेला बोटभर जागेत दोन हात द्यायचे. बाकीचं पान मिसळेल, कडेची चकती उरेल. वजन बसवतो मी बरोबर."

"पानाला प्लास्टिक फासायचं?"

"फक्त नमुन्याला, काकी!"

"आणि कागदावर काय लिहून येणार? ही पत्रावळ मातीत मिसळते. आणि तो कागद कशामुळे मिळाला? मिसळली नाही म्हणून."

"तू फार विचार करतेस."

"तू थोडा कर. डबा उचल इथून, वास येतोय."

विद्वानाने डबा उचलला. काकीने मग आपल्या परीने शहाणपण करून पाहिलं. ठरवून वाईट पत्रावळ लावायची, जी इतक्या लवकर जिरणार नाही. जाड, निबर, जून पानं निवडली. खळ घट्ट केली. साच्यात चाळीसऐवजी ऐंशी मोजले. निघालं ते पान लाकडाच्या फळीसारखं. तरी हात आपोआप गेले आणि कडेचा उंचवटा गुळगुळीत करून आले. बायका गोळा झाल्या. साचेवालीने पत्रावळ उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "काकी, ही तर नेहमीच्यापेक्षा चांगली झालीय."

खरंच होतं ते. शिवाय पान ते पानच. जून असो की कोवळं, ढिगाच्या मातीत पंचेचाळीस दिवसांत त्याचं काय उरणार हे काकीला माहीत होतं. "मग मेलेली माती नेऊ," एकजण म्हणाली. रस्त्याच्या कडेला पडलेला सिमेंट-विटांचा चुरा, ज्यात गवतही उगवत नाही. काकीने पाटी भरून आणलीही. पण तो चुरा पेटीत भरायची वेळ आली तेव्हा तिच्याच्याने होईना. तिने तो रस्त्यावर परत टाकला. वर स्वतःवरच चिडली, की बायांच्या पोटाचा प्रश्न आहे आणि मी मातीचे लाड करतेय.

त्या दिवशी साचेवाली जाताना उंबऱ्यावर थांबली. "काकी, तुम्ही जे ठरवाल ते," ती म्हणाली. "पण काही तरी ठरवा."

*

दुसऱ्या चाचणीच्या सकाळी विद्वान रांगेत नंबर लावायला पुढे गेला. जाताना बजावून गेला, "पत्रावळ पिशवीत ठेवलीय मी. तू फक्त घेऊन ये. उघडू नकोस, डाग पडतात."

उघडू नको म्हटल्यावर कोण उघडणार नाही? काकीने पिशवी उघडली. पत्रावळ दिसायला साधीच. बोटालाही काही कळत नव्हतं, पोराने काम सफाईने केलं होतं. पण काकीने ती नाकाशी नेली. तीस वर्षं ओल्या पानाच्या वाफेत गेलेलं नाक ते. व्हार्निश!

तिचा संताप झाला, आणि संतापातच तिला कळलं की आपण त्याच्यावर चिडलेलो नाही. त्याने हे बायकांसाठीच केलं होतं. चूक त्याची नव्हती. त्याला शाळेत रकाने भरायलाच शिकवलं होतं. ती पत्रावळ तिने बाजूला ठेवली. तशीच पस्तीस ग्रॅमची दुसरी घेतली, कोवळ्या पानांची. मागे जाऊन ढिगाची काळी माती पिशवीत भरली, गांडुळांसकट.

मग ती शेडच्या दारात आली आणि उभी राहिली. काहीतरी उरायला हवं. माझ्या पानातलं काही उरणार नाही. मग या शेडमध्ये असं काय आहे, जे उरेल? तिने टाक्या बघितल्या, यंत्रं बघितली, खळीचं पातेलं बघितलं. मग दाराच्या खिळ्याकडे बघितलं.

पुढे तिने काय केलं ते तिने तेव्हा कोणालाच सांगितलं नाही. आपणही चोंबडेपणा करू नये.

चौथ्या मजल्यावर साहेबांनी पत्रावळीचं वजन केलं. विद्वान पलीकडच्या खिडकीवर शिक्का मारून घेत होता. काकीने पेटीत माती घातली, पत्रावळ पुरली, वर माती लोटली. पुरताना साहेब नियमाप्रमाणे फॉर्म बघत होते.

दुपारी विद्वान शेडमधून ओरडला, "काकी! खिळ्यावरचा परवाना कुठे गेला?"

"आहे जागेवर."

"कुठल्या जागेवर? खिळा रिकामा आहे!"

"त्याला असायला पाहिजे तिथे आहे तो. तू कागद बघ तुझे."

विद्वानाच्या तोंडचं पाणी पळालं. तपासणीला कोणी आलं आणि दारात परवाना नसला तर शेडला त्याच दिवशी कुलूप. त्याने तीन कपाटं उपसली, बायकांच्या पिशव्या तपासल्या, शेवटी परवान्याच्या फोटोची छापील प्रत काढून खिळ्याला लावली आणि रोज दहा वेळा दाराकडे बघू लागला. पेटीच्या बाबतीत मात्र तो निश्चिंत होता. व्हार्निशवर त्याचा पूर्ण विश्वास होता. काकी दर आठवड्याला पाणी घालून यायची आणि परत आली की कमी बोलायची. पत्रावळ चुकली तरी कोणाला चहा करायला लावत नसे. बायका आपसात म्हणायच्या, काकीने मनाने शेड बंद केली वाटतं.

*

बंदी लागू व्हायच्या आदल्या दिवशी पेटी उघडली.

विद्वान काकीच्या शेजारी बसला होता, साहेबांना उपयोगी पडेल म्हणून रिकामं पाकीट हातात घेऊन. साचेवालीही आली होती. मागे भिंतीला टेकून उभी होती. साहेबांनी चमचा काढला, खुपसला, ढवळला. काही नाही. पुन्हा खुपसला. विद्वानाच्या कपाळावर घाम आला. तो काकीच्या कानात कुजबुजला, "असं कसं? दोन हात दिले होते मी!"

"माहितीये," काकी म्हणाली. "ती पत्रावळ घरी आहे. माळ्यावर."

विद्वानाने आ वासला, आणि तेवढ्यात पेटीत टक् असा आवाज झाला.

साहेबांचा चेहरा उजळला. इतका की काकीला त्यांची दयाच आली. रकान्यात भरायला काही मिळालं, तरी त्या माणसाला केवढा आनंद! त्यांनी चमच्याने ती वस्तू वर काढली, कागदावर ठेवली आणि रुमालाने पुसली. माती गेली तसा खालून निळा शिक्का निघाला. मग कारखान्याचं नाव. मग त्यांची स्वतःची सही, शाई जराही न फुटलेली.

 एक गांडूळ पेटीच्या काठावर आलं आणि परत गेलं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"उरलेला भाग, साहेब."

"हा आमचा परवाना आहे!"

"तेच म्हणतेय. आमचं होतं ते मातीत गेलं. तुमचं होतं ते उरलं."

विद्वानाने डोळे मिटून घेतले. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, "मी खोटं काही लिहून देणार नाही. पानाला रंग फासून आणणार नाही. तुम्हाला गहाळ लिहायचं असेल तर लिहा. पण पेटीतून काय निघालं हेही लिहा. या सहा बायकांच्या शेडला कुलूप लावायचं तर निदान कशामुळे लावलं ते कागदावर तरी येऊ दे."

साहेबांनी पेन उचलला आणि खाली ठेवला. त्यांचा मेंदू रकान्यांतून फिरत होता, ते दिसत होतं. गहाळ लिहावं, तर पेटीतून निघालेली वस्तू नोंदवून वरच्या कचेरीला पाठवावी लागणार. तिथे कोणीतरी विचारणार, न मिसळणाऱ्या वस्तूंवर बंदी घालणाऱ्या विभागाचा स्वतःचा कागद पंचेचाळीस दिवस गांडुळांना पुरून उरला कसा? आणि वर सही कोणाची? त्यांनी हळूच त्या छोट्या गरम यंत्राकडे पाहिलं. मग दार लोटून घेतलं.

"काकी," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी तिला काकी म्हटलं. "किती वर्षं पेट्या उघडतोय मी. एकही पेटी रिकामी निघाली नव्हती. तुमची पहिली. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग लिहिलं का नाहीत?"

"रिकाम्या पेटीला रकाना नाही हो."

हे त्यांनी इतक्या खऱ्या दुःखाने सांगितलं की काकीला पुढे भांडता येईना.

साहेबांनी तराजू ओढला आणि कार्ड त्यावर ठेवलं. तीन ग्रॅम. पस्तीसचा दशांश साडेतीन. "बसतंय," त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग ते भराभर लिहू लागले. उरलेला भाग: आहे. वजन: तीन ग्रॅम. प्रमाण: मर्यादेत. शेवटचा रकाना होता उरलेल्या भागाचे स्वरूप. तिथे पेन थांबला. साहेबांनी छताकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, आपल्या सहीकडे पाहिलं आणि एकच शब्द लिहिला.

विद्वानाने मान लांब करून तो वाचला. अधिकृत.

कार्ड पाकिटात गेलं, पाकीट फाइलला लागलं. साहेबांनी कायमचं प्रमाणपत्र काढलं, ताटाएवढं मोठं. 'सदर वस्तू मातीत पूर्णपणे मिसळते' या ओळीखाली सही केली आणि सवयीने ते दोन प्लास्टिकच्या थरांत घालून यंत्रातून गरम काढलं. या खेपेला थर दुप्पट जाड होते. काकीने ते दोन्ही हातांनी घेतलं. डोळ्यांत पाणी होतं, ते तिने लपवलं नाही. मागे साचेवाली पदर तोंडाला लावून रडत होती की हसत होती, ते कळायला मार्ग नव्हता.

"नूतनीकरण दरवर्षी," साहेब म्हणाले. मग जरा घुटमळून, "नव्या नमुन्यासह. उरलेला भाग लागेल."

"माहितीये," काकी म्हणाली.

शेडमध्ये सगळ्या बायकांनी प्रमाणपत्र हातोहात फिरवलं. एकीने त्याच्यावर पाणी ओतून शंभर मोजले. खालचा कागद कोरडा राहिला आणि हसण्याने पत्रे वाजले. विद्वानाने खिळ्यावरची छापील प्रत काढली, हातोडी आणली, एवढं मोठं प्रमाणपत्र टांगायचं म्हणून दुसरा खिळा ठोकायला घेतला. काकीने त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली.

"खिळ्याला लावू नकोस," ती म्हणाली. "दारात टेकवून ठेव. आणि पुढच्या वर्षी पत्रावळ जरा मोठी लावावी लागेल. याचं वजन जास्त आहे."